जाळीआडची ओळख

मु. पेडणे, आषाढ.

चि. सौ. बाईस, मामाचे अनेक आशीर्वाद.

महिन्याच्या ग्रामप्रिया पिल्लांच्या ब्रूडरमध्ये काल आणलेली एक दिवसाची वीस पिल्ले सोडावीत काय, असा तू प्रश्न केलास. उत्तर पोचण्यापूर्वी ती सोडली जाऊ नयेत म्हणून हे पत्र तुझ्याच गड्याच्या हाती लगोलग धाडीत आहे. सोडू नकोस.

अंगची ऊब राखण्याचे सामर्थ्य नवजात पिल्लात नसते. पहिल्या आठवड्यात त्याला ९५ अंश फॅरनहाइट उष्णता लागते आणि पुढे दर आठवड्यास ती ५ अंशांनी उतरवावी लागते. तुझ्या थोरल्यांची गरज आता ८० अंशांच्याही खाली आली असेल. ही तफावत एका दिव्याने भागत नाही: दिवा वर घेतला तर धाकटी गारठून एकमेकांवर चढतात व तळची गुदमरतात, खाली घेतला तर थोरली चोची वासून भिंतीला लागतात.

याहून मोठे भय रक्ती हगवणीचे. डिचोली काय, पेडणे काय, आषाढात आपल्याकडे जमिनीवर पसरलेले भाताचे तूस दोन दिवस कोरडे राहत नाही, आणि थोरल्यांच्या विष्ठेतून पडलेले रोगबीज अशा ओलसर, उबदार तुसात एकदोन दिवसांतच बाधक होते. थोरली त्या रोगास सरावलेली, म्हणून वरून निरोगी दिसतात. त्यांच्यात आणून सोडलेले कोवळे पिल्लू मात्र पंख पाडून, डोळे मिटून बसते. म्हणून आधी धाकट्यांना दाणापाणी घालावे, मग थोरल्यांकडे जावे, आणि दोहोंकडची भांडी निराळी ठेवावीत. अशाच एका पावसाळ्यात, जागा अपुरी म्हणून, मी पाच कोवळी पिल्ले तीन आठवड्यांच्या घोळक्यात सोडली. सकाळी दोन पाठीवर टोचून रक्तबंबाळ झालेली मेली होती. उरलेली तिन्ही त्या आठवड्यात गेली. कसूर सर्वस्वी माझी होती, आणि ती सकाळ मी विसरलेलो नाही.

कोंबड्यांत कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली शास्त्रीय रीतीने मांडले. आपल्या आजीला ते परसातल्या खुराड्यावरून ठाऊक होते. नवख्याला त्या क्रमात जागा मिळण्यापूर्वी पळावयास वाट हवी. म्हणून धाकट्यांना पुरती पिसे फुटेपर्यंत, सुमारे सहा आठवडे, निराळे ठेव. नंतर आठवडाभर मध्ये तारेची जाळी घालून दोघांना एकमेकांच्या नजरेसमोर खाऊ दे. जाळी काढायची ती दिवेलागणीनंतर, मोकळ्या जागेत. धाकटी सर्व एकदम सोडावीत, एकटेदुकटे कधीही नाही, आणि ज्यातून त्यांनाच शिरता येईल अशा फळ्यांच्या बुटक्या आडोशाची तजवीज आधीच असावी. कोणाला रक्त आले तर तत्क्षणी उचल. लाल दिसले की सारीच टोचू लागतात.

गावठी कोंबडी खुडूक बसली असेल तर ही सारी यातायात वाचेल: नवी पिल्ले आज रात्रीच अंधारात तिच्या पंखाखाली सरकव, चार दिवसांनी ती स्वीकारील याची खात्री नाही. थोरली पुढे अंड्यावर आली की त्यांचे चुनायुक्त खाद्य धाकट्यांच्या तोंडी लागू देऊ नकोस. त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

सध्या पत्र्याच्या आडभिंतीने ब्रूडरचे दोन भाग कर व दुसरा दिवा आजच आण. जाळी काढण्याचा दिवस ठरला की दोन ओळी लिही. त्या रात्री मी डिचोलीस मुक्कामाला येईन.

तुझा,
मामा