आपलाच गडी समोर

हल्लीं आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपर्यंत मोबाइल पोहोंचला आहे, व त्याबरोबर व्हिडिओ गेमही आले आहेत. वडील माणसें त्यांस निव्वळ कालापव्यय समजतात. परंतु त्या खेळांतील एका युक्तीनें मला फार विचारांत पाडलें. पहिल्या खेळांत जो आपला नायक, तोच पुढील खेळांत आपल्या वाटेंत शत्रु म्हणून उभा करावयाचा, अशी ती युक्ति.

ही कल्पना आजची नव्हे. १९८१ सालीं जपानच्या निन्टेंडो कंपनीनें 'डाँकी काँग' हा खेळ काढला. त्यांत दांडग्या वानरानें पळविलेल्या स्त्रीस सोडविणारा नायक पुढें मारिओ या नांवानें जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षीं 'डाँकी काँग ज्युनियर' निघाला. त्यांत वानर पिंजऱ्यांत, मारिओ पहाऱ्यावर, आणि खेळणारा त्या वानराचा मुलगा! १९९९ च्या 'पोकेमॉन गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांत सोळा पदकें जिंकून खेळणारा सिल्व्हर पर्वतावर जातो, तेव्हां तेथें रेड नांवाचा मुलगा मुकाट्यानें उभा असतो. पहिल्या खेळांत आपण चालविला तोच हा. त्याच्या पिकाचूचें बळ ८१ व्या पातळीचें असतें.

या लढतींत आगळें काय? इतर शत्रूंचें बळ आपणांस ठाऊक नसतें. याचें मात्र सारें ठाऊक असतें, कारण तें आपल्याच हातून घडलेलें असतें. म्हणून जिंकलें तरी कांहीं गमावल्यासारखें वाटतें.

आपल्या माहुली किल्ल्याची कथा याच जातीची. १६३६ सालीं मोगल व आदिलशाही फौजा पाठीवर असतां शहाजीराजांनीं या गडाचा आश्रय केला. पुढें गड शिवाजी महाराजांकडे आला. परंतु १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत माहुलीही गेला. १६७० सालीं महाराजांनीं तो परत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां ज्या कड्यांनीं वडिलांस पाठीशीं घातलें होतें, तेच कडे मुलाच्या मावळ्यांस अडवून उभे! पहिला हल्ला फसला, पुष्कळ माणसें पडलीं. त्याच वर्षीं पुढें गड हातीं आला.

असा प्रसंग माझ्याही वांट्यास आला. माझ्या बाळपणीं आमचे एक गुरुजी वसतिगृहांतील मुलांचे कैवारी होते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांचीं नांवें पटावरून काढूं नयेत, म्हणून ते वरिष्ठांशीं भांडत. "पटावरून नांव खोडणें सोपें आहे, मुलाच्या मनांतून शाळा खोडूं नका," असें ते म्हणत. कांहीं वर्षांपूर्वीं एका बैठकींत तोच प्रश्न निघाला. मुलें नववींतलीं; २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें छत्र चौदा वर्षांपर्यंतच. पट खोटा दिसूं नये, यास्तव नांवें काढावींत, असा ठराव मांडणारे हेच गुरुजी होते.

मी उठलों तेव्हां पाय कांपत होते. माझे मुद्दे त्यांचेच, आवाज चढूं न देण्याची रीतही त्यांचीच. माझें पुढचें वाक्य त्यांस आधींच ठाऊक असे, व त्यांचें मला. शेवटीं ठराव बारगळला. सात नांवें पटावर राहिलीं. बाहेर पडतांना मीं त्यांस वांकून नमस्कार केला. ते इतकेंच म्हणाले, "शिकविलेलें विसरला नाहींस." त्यांत कौतुक होतें कीं खंत, हें मला आजवर उलगडलें नाहीं.

मित्रहो, ज्यास आपण आदर्श मानिलें तो उद्यां समोर उभा राहिला, तर त्याच्यावर चिखल उडवूं नका, आणि मागेंही हटूं नका. त्यानें दिलेलें शस्त्र त्याच्यापुढें सरळ धरणें, हाही ऋण फेडण्याचाच एक प्रकार आहे. आम्हीं शिक्षकांनीं तरी हें विसरूं नये. आम्हीही कोणाच्या तरी मागील डावांतील नायक आहों. एके दिवशीं तुमच्यापैकीं कोणी न्यायासाठीं आमच्यासमोर उभा राहील. त्या दिवशीं त्याचा नेम चुकूं नये, एवढी तयारी आज वर्गांत करून घेणें हें आमचें काम.