तुतीच्या चिकातला बहुरूपी

देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका तुतीच्या बागेत मी पान खुडलं आणि देठाच्या टोकाशी चिकाचा पांढराशुभ्र थेंब जमला. "हाताले लागू देऊ नका, लय चिकटते," शेतातल्या काकू म्हणाल्या. रेशमाचे कोष जालन्याच्या बाजारात नेणाऱ्यांना चिकाचं कसलं अप्रूप! पण त्या थेंबात काय दडलंय हे मी नुकतंच वाचलं होतं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय.

आपण भाकरी खातो. तिच्यातलं स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज तिचे तुकडे करतं, पण या तुकड्यांनाही रक्तात थेट प्रवेश नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरची अल्फा-ग्लुकोसिडेज ही विकरं त्यातून एकेक ग्लुकोज सुटं करतात, तेव्हा कुठे साखर रक्तात उतरते. तुतीच्या चिकातलं एक द्रव्य नेमकं याच शेवटच्या पायरीवर आडवं येतं!

त्याचं नाव १-डीऑक्सीनोजिरिमायसिन, थोडक्यात डीएनजे. घडण थेट ग्लुकोजच्या वळणाची, पण वलयातल्या ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन. विकर त्याला साखर समजून जवळ करतं आणि हा बहुरूपी जागा अडवून बसतो. स्टार्चचे तुकडे खोळंबतात, जेवणानंतरची साखर सावकाश चढते. १९७६ मध्ये जपानी संशोधकांनी ते तुतीच्या मुळाच्या सालीतून वेगळं काढलं. त्याच रेणूत थोडा फेरफार करून मिग्लिटॉल हे मधुमेहाचं औषध तयार झालं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आपल्या बांधावरच्या झुडपाचा औषधाच्या गोळीशी असा सख्खा संबंध!

पण तुती हे सगळं आपल्यासाठी थोडंच करते? तो तिचा स्वतःचा बचाव आहे. २००६ मध्ये जपानमध्येच दिसलं, की एरंडावर वाढणाऱ्या एरी अळ्यांना तुतीचं पान घातलं तर त्या वाढत नाहीत. तेच पान बारीक चिरून, चीक धुऊन दिलं की वाढतात. मग आपली रेशीम अळी तोच पाला रात्रंदिवस खाऊन टम्म कशी होते? २००८ मध्ये उत्तर मिळालं: तिच्याकडे साखर पचवणारं एक वेगळंच विकर आहे, प्राण्यांत सहसा न आढळणारं. डीएनजेची मात्रा त्याच्यावर चालतच नाही! हे वाचलं आणि मी खुर्चीवरून उठूनच उभा राहिलो. एका झुडपाची आणि एका अळीची ही झुंज आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेडमध्ये रोज चाललेली आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हे वाचून कुणी चालू गोळ्या बंद करून पाला चावू नये. साखरेच्या औषधांसोबत तुतीचा अर्क घेतला तर साखर प्रमाणाबाहेर खाली येऊ शकते. न पचलेलं स्टार्च मोठ्या आतड्यात आंबून पोट फुगतं ते वेगळंच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

आणि चिखली-बुलढाण्याच्या फार्मसी कॉलेजांतल्या मुला-मुलींनो, प्रकल्पाला विषय शोधताय ना? आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या व्ही-१ जातीच्या तुतीच्या कोवळ्या आणि जून पानांत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात डीएनजे किती असतं, ते मोजा. पाला हाकेच्या अंतरावर आहे.