गोड वासाचं पाणी

मार्गशीर्षात आमच्या गाडीला काकवीचा वास यायला लागला. गाडी म्हणजे थोरल्यानं सेकंडहँड घेतलेली सात सीटची डिझेल गाडी. वास पहिल्यांदा लागला तो कारभारणीला. ती पुढं, डाव्या बाजूला बसते. "अहो, गाडीत कुणी गूळ सांडलाय का?" म्हणाली. मी हुंगून बघितलं. डिझेल आणि क्रेटांचा वास सोडून मला काही लागेना. पण जिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, तिचं नाक आपल्यासारखं राहत नाही, हे चार वर्षांत कळलंय. फोडणीच्या वासानंसुद्धा तिला मळमळतं. तिला वास येतोय म्हणजे कुठं तरी काही तरी आहे, एवढं मी धरून चाललो.

तिचं पाणी मोजून असतं. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं आलं. नारळपाणी बंद, केळं बंद, टोमॅटो बंद. तीन एकर टोमॅटो लावणाऱ्याच्या घरात बाईनं टोमॅटो खायचा नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही पहाटे साडेचारला निघतो. ओतूरच्या पलीकडून नारायणगाव, मंचर, खेडचा घाट करत चाकणपर्यंत. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर. एक वार चुकला तर पाय सुजतात, दम लागतो, रात्रभर बसून काढावी लागते. त्यामुळं आमच्या घरात बैल आजारी पडला तरी चालेल, गाडी आजारी पडून चालत नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या पायाखालची मॅट ओली लागायला लागली. "चप्पल चिकटतीया," म्हणाली. त्याच दिवसांत पहाटे पुढची काच आतून धुरकट व्हायची. थंडीत काच धुरकटतेच, त्यात नवल नाही. पण फडक्यानं पुसली की एरवी स्वच्छ होते, ही पुसल्यावर तेलाचा हात फिरवल्यासारखी दिसायची. काचेवर गरम हवा सोडली तर धुकं जायचं सोडून वाढायचं. समोरून ट्रकचा उजेड आला की थोरल्याला रस्ताच दिसेना. घाटात त्यानं दोनदा गाडी कडेला घेतली.

तालुक्याच्या एका गॅरेजात दाखवली. त्यानं वाकून मॅट बघितली आणि सांगून टाकलं, एसीचं पाणी आहे, नळी चोकअप झाली असेल. तसं होतं, खोटं नाही. एसीच्या कॉइलवर गार पाणी धरतं, ते एका नळीतून खाली रस्त्यावर पडतं, नळीत धूळ बसली की गाडीत उतरतं. पण ते पाणी एसी लावला तरच येणार. आम्ही दसऱ्यापासून एसीच्या बटणाला हात लावलेला नव्हता. मार्गशीर्षात पहाटे एसी कोण लावतो? शिवाय त्या पाण्याला ना रंग ना वास. तरी त्यानं नळीत हवा मारली आणि तीनशे रुपये घेतले.

घरी आल्यावर मी खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलचं टोक मॅटच्या खाली फोमवर दाबून धरलं. टोक हिरवट झालं. बोटांत चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत. सकाळी इंजिन गार असताना बोनेट उघडलं, तर कूलंटची बाटली खालच्या खुणेच्याही खाली. गाडी रात्रभर पडवीसमोरच्या कोब्यावर उभी होती, खाली थेंब नाही. मग पाणी जातंय कुठं? तिच्या पायाखाली.

इथं एक सांगून ठेवतो. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधी उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि हे हिरवं पाणी गोड लागतं, पण विष आहे. कुत्रं चाटतं, वासरू चाटतं, आणि मग त्यांची किडनी जाते. किडनी जाते म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी मॅट काढून छपरावर टाकली आणि वासरू दुसऱ्या अंगाला बांधलं.

आता हे इंजिनाचं पाणी गाडीच्या आत येतं कसं? पाणी इंजिनातून फिरून तापतं आणि रेडिएटरमध्ये येऊन गार होतं, एवढं ट्रॅक्टरवाल्या कुणालाही माहीत असतं. पण गाडीत त्याची एक छोटी फांदी आत येते. डॅशबोर्डच्या मागं हातात मावेल एवढा एक लहान रेडिएटर असतो, त्याला हीटर कॉइल म्हणतात. दोन रबरी नळ्या बोनेटमधून पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून आत जातात. एकीतून गरम पाणी जातं, दुसरीतून परत येतं. पंखा त्या कॉइलवरून हवा मारतो, तीच आपल्याला हीटरची हवा म्हणून लागते. कॉइलला बारीक भोक पडलं की पाणी झिरपून पायाखाली येतं आणि वाफ काचेवर जाऊन बसते.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आळेफाट्याच्या रस्त्याला आयटीआय केलेला एक पोरगा गॅरेज चालवतो, त्यानं दाखवलं. त्याच्याकडं जायच्या आधी गावात सल्ले भरपूर मिळाले. एक म्हणाला, इंजिनाचं हेड गेलं, चाळीस हजार बाजूला काढा. पोरानं डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरला पांढरा धूर नाही, बाटलीत बुडबुडे नाहीत. हेड ठीक होतं. दुसरा म्हणाला, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, भोक बुजतं. जुन्या ड्रायव्हर लोकांचा तो उपाय आहे आणि घाटात अडकलात तर गाव गाठून देतोही. पण जी वस्तू भोक बुजवते ती बारीक नळ्याही बुजवणार. बोअरच्या क्षारानं ड्रिपचे ड्रिपर कसे बंद पडतात ते बघत मी वीस वर्षं काढलीत. हळद भाजीत ठीक आहे.

पोराकडं एक हातपंप होता, वर काटा असलेला. गार इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा आणि हवा मारून १५ पौंडावर काटा न्यायचा. गाडी चालताना आतल्या पाण्याला साधारण तेवढाच दाब असतो. दहा मिनिटांत काटा ९ वर आला. गाडीखाली थेंब नाही. मग त्यानं हीटरच्या दोन्ही नळ्यांना रबराचा तुकडा गुंडाळून पकडीनं चिमटे लावले आणि परत १५ केले. अर्धा तास आम्ही चहा पीत बसलो. काटा जागचा हलला नाही.

मी म्हणलं, "अरे, ही तर आमची पाइपलाइन!" विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत आमची २२०० फुटांची लाइन आहे. ती जमिनीत फुटली की ओल भलतीकडंच दिसते. पाणी मुरमातून वाट काढत भावकीच्या बांधाला जाऊन निघतं. ओल दिसली तिथं खणणारा दिवसभर खणतच बसतो. एकेक वाल बंद करत यायचं आणि गेज बघायचं. ज्या वालाच्या पुढं लाइन तोडल्यावर दाब टिकला, भोक त्याच्या पुढं. पोरगा हसला. "तात्या, मला हे शिकायला दोन वर्षं लागली," म्हणाला.

तो दिवस गुरुवार. शुक्रवारी पहाटे निघायचंच होतं. त्यानं दोन्ही नळ्या कॉइलवरून काढल्या, मध्ये नळीचा तुकडा टाकून एकमेकींना जोडल्या आणि क्लिपा आवळल्या. आता पाणी बोनेटमधल्या बोनेटमध्येच फिरणार. "याला लूप म्हणतात. असाच राहू द्या तात्या, आपल्याकडं हीटर लागतो कुणाला? पैसे वाचवा." थोरल्यालाही पटलं. टोमॅटोचा क्रेट तेव्हा शंभर-सव्वाशेला जात होता, तोडणीची मजुरी निघत नव्हती.

शुक्रवारी गाडी झकास गेली. बाटलीवर मी खडूनं रेघ मारली होती, चाकणला पोहोचल्यावर पाणी रेघेलाच. पण येताना काय झालं ते सांगतो. डायलिसिसनंतर तिला हुडहुडी भरते. अंगातलं रक्त चार तास बाहेर फिरून आलेलं असतं. एरवी आम्ही हीटर लावतो, मंचर येईस्तोवर ती झोपते. त्या दिवशी दोन गोधड्या, कानटोपी, सगळ्या काचा बंद, तरी नारायणगावपर्यंत तिचे दात वाजत होते. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी पोहोचल्यावर मी थोरल्याला म्हणलं, "कॉइल आणायची. पैशाचं मी बघतो."

शनिवारी सकाळी गाडी पोराकडं लावली. कॉइल पुण्याहून संध्याकाळी आली, अडीच हजाराला. मजुरी साडेतीन. हीटरसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो हे ऐकून माझा विश्वास बसेना, पण रविवारी बघितलं तर खरंच, स्टेअरिंगपासून सगळं बाहेर. स्क्रू त्यानं अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवले होते, कुठला कुठं जातो ते चुकू नये म्हणून. मला त्याची ही पद्धत फार आवडली.

जुनी कॉइल बादलीत बुडवून, एका तोंडाला अंगठा लावून त्यानं दुसऱ्या तोंडातून हवा मारली. सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे आले. भोक सुईच्या टोकाएवढं, नळी जिथं कडेला जोडलेली असते तिथं. आत मात्र पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला. आधीच्या मालकानं बोअरचं पाणी भरून गाडी वापरली असणार. आता आम्ही अर्धं कूलंट आणि अर्धं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, एवढंच घालतो. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. हवा अडकली तर नवी कॉइलही गार राहते.

उतरवलेलं जुनं पाणी मी कॅनमध्ये भरून त्याच्याच गॅरेजच्या पिंपात टाकलं, ओढ्याला जाऊ दिलं नाही. फोम तीन पाण्यांनी धुतला, तरी तो काही लवकर वाळेना. सोमवारी दिवसभर उन्हात धरला, संध्याकाळी पिळला तर थेंब. मग मंगळवारी फोमशिवायच, तिच्या पायाखाली नवं गोणपाट दुमडून टाकलं आणि साडेचारला निघालो.