अजिंठ्यास नेण्याजोगा कॅमेरा

जळगावाहून पहूर-फर्दापूरमार्गे अजिंठा सुमारे साठ किलोमीटर. कपाशीची शेते मागे पडतात, फर्दापूरच्या तिठ्यावर आपले वाहन ठेवून लेण्यांच्या मोटारीत बसावे लागते, आणि तेथून पुढे पायऱ्या. शिदोरी कोणी उचलावी यावरून आमच्या घरी कधी वाद होत नाही; कॅमेऱ्याच्या पिशवीवरून मात्र होई. लग्नमुंजींकरिता घेतलेला तो व्यावसायिक प्रतीचा डीएसएलआर, त्याची दोन भिंगे व ट्रायपॉड हे ओझे पाट्यावरवंट्याची आठवण करून देणारे होते. यंदा त्याऐवजी आरसा नसलेला, भिंगासकट अर्ध्या किलोचा कॅमेरा गळ्यात अडकवला.

या दोहोंतील भेद सांगण्यासारखा आहे. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन, लोलकातून वळून डोळ्यास मिळतो. चित्र घेतेवेळी आरसा वर उचलला जातो. नव्या यंत्रात प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि डोळ्यासमोर असते ती इवल्या पडद्यावरील प्रतिमा. म्हणून यंत्र लहान झाले, आणि त्या पडद्यापायीच बॅटरीही लवकर संपते. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याचे जुने सुख यात नाही, हे मान्य केलेच पाहिजे. घरची कार्ये पुतण्या अद्याप जुन्याच कॅमेऱ्याने टिपतो, आणि ते योग्यच आहे.

अजिंठ्याची गोष्ट निराळी. चित्रांच्या रक्षणार्थ तेथे फ्लॅशला मनाई आहे. ट्रायपॉडही विनापरवाना चालत नाही. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी मंद उजेडातच पाहावयाचा. या लहान यंत्रातील सेन्सर हाताचा कंप ओळखून उलट दिशेस सरकतो. त्यामुळे सेकंदाच्या अष्टमांशातही चित्र स्थिर येते. समोरून जाणारा यात्रेकरू मात्र धूसर उमटतो, त्यास इलाज नाही! पूर्वी सतराव्या लेण्यापाशी मी पिशवीची राखण करीत बसत असे. या खेपेस सव्विसाव्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपर्यंत पोहोचलो. सुमारे सात मीटरांची ती मूर्ती खांबांमुळे एका चित्रात मावेना. मग उशीवर टेकलेले मस्तक तेवढे घेतले.

ओझ्याचा हा प्रश्न येथे नवा नाही. भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल यांची 1844 साली कंपनी सरकारने नेमणूक केली. वर्षानुवर्षे खपून रंगविलेली त्यांची भव्य तैलचित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत बहुतांशी जळाली. तत्पूर्वीच त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता. त्या काळी काचेवर रसायन चढवून, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यावे व धुवावे लागे. म्हणजे अंधारखोलीच बरोबर न्यावयाची. त्यांची लहान लहान जोडचित्रे 1864 साली लंडनात पुस्तकरूपाने निघाली, आणि ती आजही पाहावयास मिळतात.

गिल 1879 साली वारले. त्यांची कबर आपल्या खानदेशातच, भुसावळास आहे. जळगावाहून भुसावळ अजिंठ्यापेक्षा पुष्कळच जवळ. लेणी पाहून येणाऱ्या कुटुंबास दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे सहज जाऊन येता येईल.