कान शाबूत तर…

पिंपरी-चिंचवड म्हणजे तरण्या कामगारांचं गाव, ही समजूत आता जुनी झाली हो! साठ-सत्तरच्या दशकात गावाकडून येऊन जी पोरं इथल्या कंपन्यांत चिकटली, ती आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. नव्या शेड चाकणला गेल्या, म्हातारे इथेच राहिले.

माझे काका त्यातलेच. तीस वर्षं भोसरीत, प्रेस शॉपला. आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात, ते त्यांच्यामुळेच. हल्ली ते दुपारी 'शिफ्टची बस चुकेल' म्हणून चपला घालतात. शेजारी म्हणतात, साठी बुद्धी नाठी. काकू बिचारी दाराला आतून कुलूप लावून बसते.

पण हे नुसतं वय नाही, मंडळी. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. लॅन्सेट आयोगानं 2024 मध्ये 14 धोके मोजले. ते सगळे दूर झाले तर जवळपास 45 टक्के केसेस टळतील किंवा लांबतील म्हणे. त्यात बीपी, साखर, सिगारेट आहेतच, पण कमी ऐकू येणंही आहे! ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं टाळतो, एकटा पडतो. काकांचं त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, एकाबद्दल तसं सांगता येत नाही. पण धोरण लाखोंसाठी असतं ना?

कायद्यात आवाजानं येणारं बहिरेपण हा सरकारला कळवायचा आजार आहे. रिटायर झालात की मात्र कान तुमचे तुम्ही बघा. राज्याची 2024 ची मुख्यमंत्री वयोश्री योजना 65 च्या पुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र वगैरेसाठी एकदाच 3000 रुपये देते, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड 5 लाखांचं, पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर. काकूच्या दिवसरात्रीच्या पहाऱ्याला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही. जपाननं 2000 साली चाळिशीपुढच्यांकडून हप्ता घेऊन देखभालीचा विमा सुरू केला, त्यात डे-केअरसुद्धा बसतं.

आमच्या धंद्यात बग जितका लवकर सापडेल तितका स्वस्त पडतो. रिटायर होताना कानाची तपासणी आणि गरज असेल तर मशीन, वॉर्डात एक डे-केअर, एवढं तरी मागूया. चाकणच्या प्रेसवर आज पंचविशीची पोरं उभी आहेत. त्यांचे कान अजून शाबूत आहेत.