टायमिंग चेन

नागपंचमीची गर्दी ओसरली आणि आज गाडी मिस्त्रींकडे लावली. गार इंजिन सुरू केलं की काही क्षण खडखड व्हायची, मग आवाज आपोआप बसायचा. मिस्त्री ऐकताक्षणी म्हणाले, "टायमिंग चेन सैल पडलीया."

कव्हर उघडल्यावर त्या यंत्रणेचा नेमकेपणा पाहत राहिलो. पिस्टननं फिरणाऱ्या क्रँकचे २ फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा १. हा मेळ चेन सांभाळते. ती दात सोडून सरकली, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. चेन सैल पडते ती कड्यांच्या पिना झिजून, कणाकणानं. तिला ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. म्हणून ऑइल जुनं किंवा कमी झालं की फटका इथं बसतो.

मिस्त्रींनी चेनसोबत टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेटही (दातेरी चाकं) बदलले. झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवल्या, पाना लावून इंजिन हातानं २ फेरे फिरवलं, खुणा पुन्हा पाहिल्या, मगच चावी दिली. त्या सबुरीबद्दल मनापासून आदर वाटला. आपण चकाकत्या बॉडीवर खर्च करतो, पण गाडीचा जीव या झाकलेल्या भागात असतो.

चांदोलीच्या रस्त्यावर भर पावसात गाडी बंद पडली तर हाल होतात. म्हणून सांगतो, ऑइल वेळेवर बदला आणि गार इंजिन खडखडलं तर गाडी तशीच पळवू नका.