उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

प्रवासाचा खर्च कोठून मोजावयास आरंभ करावा आणि कोठे थांबावे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबवहीतला वाटतो. आम्हांसही तो पुष्कळ वर्षे तसाच वाटत आला. तिकिटावर जो आकडा छापलेला असेल तो खर्च आणि वेळापत्रकात जो अवधी दिलेला असेल तो वेळ, अशी आमची सरळ समजूत होती. २०२५ च्या फेब्रुवारीत आणि २०२६ च्या जानेवारीत फोंड्याहून पनवेलपर्यंत केलेल्या दोन छोट्या प्रवासांनी ही समजूत बदलली. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पनवेलला आमची थोरली बहीण राहते. ताई लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मुंबईहून पणजीला येणारी बोट होती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट एक रात्र समुद्रावर काढून दुसऱ्या दिवशी पणजीच्या धक्क्याला लागे. वडिलांचे बोट धरून आम्ही धक्क्यावर उभे असू आणि ताई उतरली की पुढचे पंधरा दिवस घरात सण असे. पुढे बोट बंद झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आणि आता तर गोव्याहून मुंबईचे विमान सव्वा तासात उतरते. अंतर असे आटत गेले, तशा भेटीही आटत गेल्या. पंधरा दिवसांचे माहेरपण शनिवार-रविवारावर आले.

गोव्याला आज दोन विमानतळ आहेत. पहिला दाबोळीचा, मुरगावच्या पठारावर. पोर्तुगीज राजवटीत १९५० नंतरच्या दशकात तो बांधला गेला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी भारतीय वायुदलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला. आजही तेथे नौदलाचा ‘हंसा’ तळ असून नागरी विमाने त्याच धावपट्टीचा उपयोग करतात. दुसरा विमानतळ पेडणे तालुक्यात मोपाच्या सड्यावर आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले, मनोहर पर्रीकरांचे नाव त्यास देण्यात आले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. जांभ्या दगडाचा तो उघडा सडा, कडेला काजूची झाडे, आणि मध्येच काचेची ती विस्तीर्ण इमारत, हे दृश्य प्रथम पाहताना गोव्याच्या माणसाला आपण भलत्याच मुलखात आलो की काय असे वाटते.

आम्हां फोंडेकरांस दाबोळी जवळ. बोरीचा पूल ओलांडून वेर्ण्यावरून गेले की चाळीसेक किलोमीटरांत आपण तेथे पोहोचतो. मोपा गाठावयाचे तर पणजी, पर्वरी, म्हापसा, धारगळ असा साठ किलोमीटरांच्या आसपासचा पल्ला. असे असूनही २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही मोपा निवडले, ते केवळ तिकीट स्वस्त होते म्हणून.

ह्या स्वस्ताईचे मर्म समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात कॅप्टन गोपीनाथ ह्यांच्या ‘एअर डेक्कन’ने २००३ साली स्वस्त विमानप्रवासाची वाट पाडली, स्पाइसजेट, इंडिगो इत्यादी कंपन्या तिच्यामागून आल्या. त्यांचा व्यवहार सोपा आहे. शक्यतो एकाच जातीची विमाने बाळगावयाची, म्हणजे दुरुस्ती आणि वैमानिकांचे शिक्षण स्वस्तात होते. विमान जमिनीवर उभे राहील तेवढा वेळ ते काही कमावीत नाही. म्हणून अर्ध्या-पाऊण तासात ते पुन्हा आकाशात धाडावयाचे. आणि तिकिटात केवळ बसण्याचा हक्क विकून जेवण, पसंतीची जागा, अधिकाचे सामान ह्यांचे मोल निराळे लावावयाचे. दूरच्या, दुय्यम विमानतळांचा सोसही ह्यातूनच आला. तेथे गर्दी कमी असते, भाडे कमी पडते आणि विमान लवकर परत फिरते. युरोपात रायनएअर ह्या कंपनीने पॅरिसच्या नावाने तिकीट विकून ऐंशीएक किलोमीटर दूरच्या बोव्हे येथे, तर फ्रांकफुर्टच्या नावाने शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या हान येथे उतारू उतरविले. उलट अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या साउथवेस्ट कंपनीने डॅलसमधला जुना, गावालगतचा विमानतळच धरून ठेवला. १९७४ मध्ये इतर कंपन्या नव्या प्रशस्त विमानतळावर गेल्या तरी ती हलली नाही, आणि घाईच्या प्रवाशांनी तिला तारले. तेव्हा मुख्य आणि दुय्यम हा भेद नावापुरताच. आपल्याला जेथे जावयाचे त्या घराच्या जवळचा तो मुख्य, असे प्रवाशाने समजावे.

हे शहाणपण आम्हांस मागाहून सुचले. त्या फेब्रुवारीत ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिला पाहावयास जाण्याचे आठ दिवस आधी ठरले. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर निघावयाचे आणि सोमवारी प्रार्थनेच्या घंटेला शाळेत उभे राहावयाचे, एवढीच मोकळीक. कोकणकन्येला प्रतीक्षा यादी लांबलचक होती. म्हणून मोपाहून रात्री नऊचे विमान घेतले. जाण्यायेण्याचे मिळून ४,९०० रुपये. दाबोळीहून हेच तिकीट १,२०० रुपयांनी अधिक होते. बचतीच्या आनंदात तिकिटावरची बारीक अक्षरे वाचावयाची राहिली. त्या दरात हातातल्या सात किलोंपलीकडे सामान नव्हते. ताईसाठी बांधलेले उकडे तांदूळ, कोकमे आणि आगळाची बाटली भरलेली पिशवी काउंटरवर ठेवताच १,८०० रुपये मोजावे लागले. विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून तीस वर्षे सांगणाऱ्या मास्तराची ही गत.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. दुपारी तीनला घर सोडले. दोन बसगाड्या बदलून मोपाला पोहोचलो. विमान तासभर उशिरा सुटले. मुंबईत सहारच्या विमानतळाबाहेर पडावयास बारा वाजले, आणि टॅक्सीने पनवेलला दाराची घंटा वाजविली तेव्हा रात्रीचा दीड झाला होता. सूनबाईने दार उघडले. “मामा, आई साडेअकरापर्यंत बसून होत्या,” ती म्हणाली. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेले पान होते.

सकाळी सहाला ताई उठली, नऊला आम्ही निघालो. परतीचे विमान साडेबाराचे, तेही सहारहून. सायन-पनवेल रस्त्याचा भरवसा धरवेना. “कशी आहेस?” ह्या प्रश्नाला ताईने “बरी आहे” असे उत्तर दिले आणि आम्ही ते घेऊन उठलो. चपला घालताना ती एवढेच म्हणाली, “जागी राहणार होते रे मी. औषधाच्या गुंगीत डोळा लागला. आणि आता तू निघालास.”

घरी आल्यावर हिशेब मांडला. तिकीट ४,९००, सामान १,८००, दोन्ही वेळच्या बसगाड्या ५००, सहार ते पनवेल रात्रीची टॅक्सी १,३००, पनवेल ते सहार सकाळची ९००, आणि विमानतळावरचे खाणे ४००. एकूण ९,८००, तिकिटाच्या बरोबर दुप्पट. घरातून निघून घरात परत येईपर्यंत लागलेले तास सव्वीस. त्यांपैकी ताई जागी असताना तिच्याजवळ घालविलेले तास तीन.

त्यानंतर ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. मोपाहूनही तेथे विमान जाऊ लागले. हा विमानतळ उलव्याला, म्हणजे ताईच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरांवर. संक्रांतीनंतरच्या शनिवारी तिळगूळ घेऊन जावयाचे ठरले तेव्हा आम्ही वर्गातल्यासारखे तीन रकाने आखले. पहिला, मोपा ते सहार. सर्वांत स्वस्त तिकीट, दोन्ही बाजूंस सर्वांत लांब रस्ता. दुसरा, दाबोळी ते सहार. इकडचा रस्ता छोटा, परंतु मुंबईच्या बाजूस चाळीस किलोमीटरांची रहदारी दोनदा. तिसरा, मोपा ते उलवे. तिकीट सर्वांत महाग, सामान धरून ७,४००. इकडे साठ किलोमीटर, तिकडे अर्धा तास. ह्या खेपेस रकान्याच्या तळाशी रुपयांच्या जोडीला तासही लिहिले, आणि तिसऱ्या रकान्यावर खूण केली. इकडचा रस्ता आमच्या ओळखीचा आणि पहाटे मोकळा. तिकडचा परका आणि नेहमीच तुंबलेला. लांबचा पल्ला पडावयाचाच असेल तर तो आपल्या माहितीच्या बाजूस पडू द्यावा, हा त्यातला बोध.

शनिवारची किरकोळ रजा टाकली. पहाटे सहाला टॅक्सीने निघालो. तिला २,००० पडले. परतताना बस मिळाली, २५० रुपयांत. उलवे ते पनवेल जाण्यायेण्याचे ७००. शिदोरी घरचीच होती. एकूण १०,३५०. म्हणजे पहिल्या खेपेहून साडेपाचशे रुपये अधिक.

विमान उतरू लागले तेव्हा खाली खाडी, तिवरांची हिरवी झालर आणि दूर कर्नाळ्याचा सुळका दिसला. पाऊण वाजता आम्ही ताईच्या दाराशी होतो. ह्या वेळी दार तिनेच उघडले, हातात काठी घेऊन. दुपारी जेवण झाले, तिळगूळ झाला, संध्याकाळी जुन्या छायाचित्रांची पेटी निघाली. बोटीतून उतरतानाचे तिचे एक छायाचित्र त्यात होते. कडेला आमची अर्धी चड्डी तेवढी आली होती. रात्री पुन्हा जेवण, पुन्हा गप्पा. “कशी आहेस?” हे आम्ही शनिवारीही विचारले होते आणि उत्तर पूर्वीचेच मिळाले होते.

रविवारी सकाळी दुसरा चहा झाल्यावर, सूनबाई बाजारात गेली असता, ताई आपण होऊन म्हणाली, “दुसरा गुडघाही करायला सांगितलाय रे. मला भीती वाटते. मुलांना नाही बोलले.”

आम्ही काही वेळ गप्प राहिलो. भीतीची गोष्ट माणूस पहिल्या तीन तासांत काढीत नाही. तिला आधी दोन जेवणे लागतात, एक रात्र लागते, घरात दुसरे कोणी नसलेली वेळ लागते. फेब्रुवारीत ही गोष्ट तिच्या मनात असती तरी ती आमच्या कानी आली नसती. आम्ही तेव्हा सायन-पनवेल रस्त्याची चिंता करीत होतो. तीनला निघेपर्यंत आम्ही त्याच विषयावर बोललो. एकूण एकोणीस जागे तास तिच्याजवळ मिळाले. साडेपाचशे रुपयांत सोळा तास अधिक मिळाले, हा हिशेब आमच्या वहीत आता कायमचा आहे.

आमच्यासारखा पेच पुष्कळ वाचकांना पडत असेल. बेळगावकरांच्या दाराशी सांबरा आहे, तरी विमानांची निवड मर्यादित म्हणून कोणी हुबळी गाठतात, कोणी घाट उतरून गोव्याला येतात. बडोदेकर घरचा हरणीचा विमानतळ सोडून तिकिटासाठी अहमदाबादेस जातात. दिल्लीच्या नावाने पाहिलेले स्वस्त तिकीट कधी गाझियाबादजवळील हिंडनचे निघते. पूर्व दिल्लीत उतरणाऱ्यास ते वरदान, गुरुग्रामला जाणाऱ्यास शिक्षा. हैदराबादकरांची गोष्ट निराळी. २००८ साली बेगमपेठेतली नागरी वाहतूक थांबून शमशाबाद सुरू झाले, तेव्हापासून त्यांस निवडच उरली नाही. गोव्यात दोन्ही विमानतळ चालू राहावेत असे आम्हांस का वाटते, ते ह्यावरून ध्यानी यावे.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्यात. आपल्या उंबरठ्यापासून विमानतळ किती दूर. उतरल्यावर ज्यांच्याकडे जावयाचे त्यांचा उंबरठा किती दूर. सामानाचे मोल त्या दरात आहे की नाही. आणि आपण पोहोचू तेव्हा ते माणूस जागे असेल काय. पहिल्या तीन ओळींची उत्तरे कंपन्या देतात. चौथीचे आपणच द्यावयाचे असते.

ताईचा दुसरा गुडघा मे महिन्याच्या सुट्टीत व्हावयाचा आहे. रेल्वेची जागा दोन महिने आधी राखता येते आणि कोकणकन्या पनवेलला थांबते. तेव्हा ह्या खेपेस विमानाचा प्रश्न नाही. आम्ही गाडीने जाणार आहो, आणि पंधरा दिवस राहणार आहो.